माप द्यायचंय

कडी लावून घेते हं ताई, घाबरू नका. भरदुपारी कोण येतंय म्हणा — पण चाळ आहे, एखादी साखरेची वाटी घेऊन डोकावली तर तुमचीही पंचाईत आणि माझीही. ते खिडकीचे काळे कागद बघताय? लढाईत ब्लॅकआउटला लावलेले. लढाई संपून दीड वर्ष झालं, साऱ्या चाळीने खरवडून काढले, मी राहू दिले — माझ्या कामाला बरे. बाहेर पाटी आहे ती तेवढीच, 'मंजुळाबाई, ब्लाउज शिवून मिळतील'. आतलं काम ज्यांना ठाऊक त्यांना ठाऊक. कुणी 'ब्लाउज टाकायचाय' म्हणाली तर मी ब्लाउज शिवते. आणि 'माप द्यायचंय' म्हणणारी आली की आधी कडी. तुम्ही दारात ते म्हणालात, मी हनुवटीकडे बघितलं, समजले. कुणी पाठवलं तेही विचारलं नाही — मी कधीच विचारत नाही.

बसा अशा, डोकं भिंतीला टेका. टेप? टेप कशाला, ती नुसती गळ्यात घालून ठेवते, दाखवायला. पावडर लावते, गार लागेल. हा साधा चाळीस नंबरचा दोरा, एक टोक माझ्या मानेभोवती, पिळात केस धरून उपटायचा. बाकीच्या दातात धरतात, पण दातात दोरा असला की बोलता येत नाही, आणि मी बोलले नाही तर बाईचं सगळं लक्ष दुखण्याकडे. अहो, माझा हात कशाला धरताय — पहिल्यांदा सगळ्याच धरतात, लाजायचं काय त्यात. सोडा. आणि हे काय ताई, ब्लेड? खरं सांगा. बोटाला कळतं, ब्लेड फिरवलेला केस खुंटासारखा लागतो. किती वर्षं? वीस? बाई गं. घरात पुरुषमाणूस कोण? — भाचा. म्हणजे तो कामावर गेला की त्याच्याच ब्लेडने, चोरून. रडू नका, पावडरचा चिखल होतो. वीस वर्षांत कुणापाशी बोलला नाहीत ना? आज बोललात, झालं. आता हात धरत नाही बघा तुम्ही.

तुम्हाला एकटीलाच आहे असं नका समजू. ह्या भिंतीबाहेर जायचं नाही हं — तुम्ही लांबच्या दिसता, परत कशाला भेटताय, म्हणून सांगते — माझ्या पोरीला तुमच्याहून जास्त आहे. हनुवटी, गळा, पोटावरसुद्धा. चौदाव्या वर्षी सुरू झालं. पाळी म्हणाल तर तीन-तीन महिने नाही. डॉक्टर म्हणाले लग्न झालं की सुटेल. लग्न काय औषध आहे? पण मी मान हलवली, कारण लग्न तर करायचंच आहे. दर तिसऱ्या दिवशी ती ह्याच स्टुलावर बसते. हे काम तिलाही येतं, माझ्याहून हात हलका तिचा, पण स्वतःचा गळा स्वतःला कसा करता येणार. येत्या रविवारी बघायला येतायत तिला. वांद्र्याचं स्थळ — मान आखडू नका, कातडी कापेल — मुलगा टेलिफोन खात्यात, आईबाप नाहीत, आत्याने वाढवलेला. आत्या पसंत म्हणाली की पसंत, असं मध्यस्थाने बजावून सांगितलंय. मी रविवारी सकाळी पोरीला अशी करून ठेवीन की आत्याने गालावरून हात फिरवला तरी कळायचं नाही. आणि पोरगी काय म्हणते? म्हणते, आई, आपण त्यांना आधी सांगू. मी म्हटलं, वेड लागलंय का? सांगितल्यावर कोण करील तुला? तर म्हणते, न सांगता केलंस तर जन्मभर कडी लावून बसायचं का मी, तुझ्यासारखी?

माझ्यासारखी म्हणजे — जाऊ दे. तुम्ही काही विचारू नका. विचारलं नाहीत खरं तुम्ही. पोरीचा बाप वारला म्हणून चाळीत सांगते मी, मध्यस्थालाही तेच सांगितलंय. वारला कुठचा, परळला आहे, दुसरं घर केलंय. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली तरी सासरी कुणाला पत्ता नव्हता. पहाटे मोरीत चिमटा घेऊन बसायची. मग टायफॉइड झाला, एकवीस दिवस. तापात माणूस उठत नाही ताई, पण केस थांबत नाहीत. सासू पेज भरवायला बसली, वाटी तशीच तिच्या हातात राहिली, म्हणाली, 'ह्यां बायलमाणूस काय बापयो?' — बाई का पुरुष, असं. नवरा दारात उभा होता. त्यानंतर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही कधी. पोरीला उचलून अंधेरीला आले, एका इराणी म्हातारीकडे भांडी घासायची, तिने हा दोरा शिकवला, मग इथे कांदिवलीला खोली घेतली. म्हणून तर सांगते, आधी सांगायचं नसतं कुणाला. न सांगता — आता हे मी कशाला बोलतेय. मीही न सांगताच केलं होतं की लग्न.

झाली ही बाजू, हात लावून बघा. लोण्यासारखी. काय? — हो, पोरगी शहाणीच आहे, तुम्ही म्हणता ते — काय म्हणालात? कुंदा? तिचं नाव कुठे घेतलं मी? मी आल्यापासून पोरगी-पोरगी म्हणतेय. अहो उठताय कुठे, एकच बाजू झालीय, एक गाल असा आणि एक तसा घेऊन जिना उतरणार का? बघा, पिशवी पडली. हा खण. मापाचा जुना ब्लाउज. खरंच ब्लाउजचं माप द्यायला आला होतात तुम्ही?

वांद्र्याहून ना? वांद्र्याला काय शिंपी मिळेनात, कांदिवलीला खण घेऊन यायला? आणि भाचा. त्याला आईबाप नाहीत, तुम्हीच ती आत्या. लोक चौकशीला शेजारी विचारतात, वाण्याकडे विचारतात, तुम्ही सरळ आईच्या दारात आलात. आणि आईने विचारायच्या आधी सगळं ओकून टाकलं. ताप, परळ, सगळं. पोरीची वाट लावली मी माझ्या तोंडाने. दहा वर्षं ह्या चार भिंतींत सांभाळलं ते एका गालाच्या वेळात घालवलं. तुमचं ब्लेडचं मी कुणाकडे बोलणार नाही, त्याची काळजी नको. माझं तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.

थांबा. ही तिचीच पावलं, गुरुवारी तिला कंपनी लवकर सोडते. बसा ताई, दुसरी बाजू राहिलीय. कडी काढते मी. — ये गं कुंदा. चपला काढ, पाणी मागनं पी. ह्या ताई माप द्यायला आल्यात, वांद्र्याहून. हो, वांद्र्याहूनच, माझ्याकडे काय बघतेस, त्यांच्याकडे बघ. एक बाजू झालीय, दुसरीला माझा हात चालेना. हा घे दोरा, तू कर. आणि ते आधी सांगायचं म्हणत होतीस ना, सांग. कडी लावू नकोस, मी बाहेर कठड्याला उभी राहते, कुणाला येऊ देत नाही. मी आता काही बोलत नाही.