नाकाचा भरवसा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी कचरागाडीचा एक वयस्क ड्रायव्हर बसला होता. त्याच्या पलीकडे एक बाई होती, मांडीवर पिवळं हेल्मेट घेऊन.

"ताई, आमच्या डेपोत गॅसचा पंप बांधताय, त्या तुम्हीच ना?"

"हो, काका. पुढच्या महिन्यात तुमच्या सगळ्या गाड्या गॅसवर."

"मग एक विचारू? डिझेल सांडलं तर दिसतं. गॅस गळला तर कळणार कसं?"

"वासाने. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून मुद्दाम घालतात. सडक्या अंड्यासारखा."

"तो कोणाला येणार?"

"नाक आहे त्या सगळ्यांना."

"नाक आहे हो, पण चालत नाही. अठ्ठावीस वर्षं कचरा आणि धूर. घरी दूध करपतं, तरी मी शेजारी पेपर वाचत बसतो. बायको म्हणते, तुमचं नाक नुसतं चष्मा ठेवायला."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"छे. गाडीवरून उतरवतील. आज फक्त डोळे तपासायला आलोय."

"गळती ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र बसवतोय आम्ही. पण ते पंपापाशी. गाड्या उभ्या राहतात तिकडे तुमच्या नाकांवरच भरवसा ठेवला होता. तुमच्यासारखे अजून किती आहेत?"

"जुने म्हणाल, तर सगळेच."

बाईने पिशवीतून नकाशा काढून हेल्मेटवर पसरला.

"गाड्या कुठे कुठे लावता, दाखवा."

"ही भिंत. आणि इथे, धुण्याच्या जागेमागे."

"म्हणजे आणखी दोन भोंगे."

आतून ड्रायव्हरचा नंबर पुकारला.

"लिहून ठेवा, ताई. मी डोळ्यांबरोबर नाकही दाखवून येतो."