जर्मनीत झालेली खंडेनवमी

हसाल तुम्ही, पण मी जर्मनीतल्या तोफेला कुंकू लावून आलोय. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली कारखान्याने आम्हा काही सभासदांना तिकडचे साखर कारखाने बघायला नेलं होतं. एका जुन्या शहरात, नुकतीच डागडुजी केलेलं शस्त्रांचं कोठार दाखवलं, आणि त्या दिवशी नेमकी खंडेनवमी. घरी कोयता, नांगर पुजला असणार, आणि मी इथं रिकामा. बायकोनं दिलेली कुंकवाची पुडी काढून जवळच्या तोफेला बोट लावलं, तसा पहारेकरी धावत आला.

"नाना, आता तुम्हाला आत टाकतात," आमचे दुभाषी जोशीसाहेब म्हणाले.

"त्याला सांगा, आज हत्यार पुजायचं असतं. जो ज्याच्यावर पोट भरतो, ते त्यानं पुजायचं. आन पुजलं की दिसभर त्याला हात लावायचा न्हाई."

जोशीसाहेबांनी सांगितलं. पहारेकऱ्याने विचार केला, मग कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून माझ्यापुढं धरला. मी कुंकू लावलं. त्याने जुडगा तोफेवर ठेवला आणि खुर्चीत जाऊन निवांत बसला.

आम्ही शेवटचे, म्हणून त्याने दाराला आतून कुलूप घातलं होतं.

"साहेब, दार कधी उघडतो इचारा की," मी म्हणालो.

जोशीसाहेबांनी विचारलं आणि माझ्याकडं बघितलं. "उद्या म्हणतोय."