दुन्याबाईंनी न पाहिलेला प्रकाश

आदरणीय अध्यक्षा डॉक्टर मारुशिचबाई, व्यासपीठावरचे वीजमंडळाचे आणि बंदर खात्याचे मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेले दुन्याबाईंचे यजमान फ्रानेकाका श्कार्पा, सौरवादळ अंदाज केंद्रातले माझे सहकारी, आणि आज निवृत्त होत असताना 'आवरतं घे' म्हणून माझ्याकडे डोळे वटारणाऱ्या आमच्या दुन्याबाई,

मी येर्को. जुन्या वादळांच्या नोंदी संगणकाला घोकायला लावून त्यावरून पुढचं वर्तवायचं, हे माझं काम. दुन्याबाईंचं मॉडेल भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर चालतं. सूर्यावरून सुटलेला लोट पृथ्वीवर कधी थडकेल, यावरून आमची रोज सकाळी जुंपायची. बाई म्हणायच्या, "तुझं यंत्र पोपट आहे रे! न पाहिलेलं काही समोर आलं की त्याची दातखीळ बसते." मी म्हणायचो, "आणि तुमचं उत्तर येईपर्यंत वादळ कॉफी पिऊन परत जातं!" अंदाजाखाली सही मात्र माणसाचीच. इशारा फुसका निघाला तर सही करणाऱ्याने सगळ्यांना रकियाची दारू पाजायची, हा आमचा दंडक. बंदर खात्याचे साहेब हसताहेत. आमच्या चुकांवर त्यांनीही बऱ्याच बाटल्या रिचवल्या आहेत.

पण एक गोष्ट या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? ध्रुवीय प्रकाश आपल्या समुद्रावर उतरणार, हे ज्यांनी साऱ्या किनाऱ्याला आधी सांगितलं, त्यांनी तो स्वतः कधी पाहिलेला नाही. वादळ आलं की बाई तळघरात, पडद्यांसमोर. मागच्या मोठ्या वादळात फ्रानेकाकांचा फोन आला. "दुन्या, आभाळ डाळिंबासारखं झालंय. वर ये ना गं!" बाई म्हणाल्या, "तू बघ. घरी आले की मला सांग." फोन ठेवून त्या पुन्हा पडद्यांकडे वळल्या.

काका, रागावू नका, पण सांगतो. तुमची नजर मंदावत चालली आहे. उन्हाळ्यापर्यंत जेमतेम टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. तो प्रकाश दोघांनी मिळून एकदा पाहावा, एवढीच बाईंची इच्छा आहे. माझ्याजवळ त्या एकदाच बोलल्या, आणि लगेच विषय बदलला.

काल सूर्यावर पाठोपाठ दोन स्फोट झाले. माझं मॉडेल म्हणतं, लोट बाजूने निघून जाईल. बाईंचं म्हणतं, उद्या संध्याकाळी थेट आपल्यावर. आज सकाळी सहीची पाळी माझी होती. दोन लोट वाटेत एकमेकांत मिसळले, असं माझ्या यंत्राने फारसं पाहिलेलंच नाही. म्हणून मी बाईंच्या मॉडेलवर सही केली. अध्यक्षांना हेच कारण सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण तेवढंच होतं का? अंदाज कुठे संपला आणि इच्छा कुठे सुरू झाली, हे मला आज प्रथमच कळलं नाही.

दुन्याबाई, तुमच्याशिवाय मला त्या खोलीत करमणार नाही. पण उद्या पडद्यांसमोर मी बसेन. काकांचा हात धरून उत्तरेच्या टेकडीवर जा. लोटाचं चुंबकत्व कुठल्या दिशेचं, हे तो अगदी दाराशी येईपर्यंत कुणालाच कळत नाही. दिशा आपल्याला हवी ती नसली तर आभाळ काळंच राहील. तरी जा. अंधारात जरा थांबा. डोळे सरावायला वेळ लागतो, काकांचे तर जास्तच.

आपण सर्वांनी मन लावून ऐकलंत, मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला. आणि अंदाज चुकलाच, तर त्याचीही क्षमा आजच मागून ठेवतो. उद्या या दोघांसमोर मागायला मला तोंड नसेल.