मथूकाकीचा राखलेला आंबा

बसा मंडळी, बसा. मागचे पुढे सरका, खांबाला टेकलेले टेकूनच ऐका — पण घोरू नका! आमच्या पेटीवाल्यांना तेवढी मुभा आहे. डोळे मिटले की सूर बरोबर लागतो असं ते म्हणतात, आणि मी आजवर ते खरं मानत आलोय.

आज एकच प्रश्न. दान कशाला म्हणायचं?

ह्या पुढच्या माउली म्हणतात, दिलं की दान. बरं! परसात पडवळं जास्त झाली, शेजारी धाडली — दान झालं? साडीचा रंग उडाला, कामवालीला दिली — दान? नारळ हलवून पाहिला, आत पाणी वाजेना, तो नेमका भटजींच्या ताटात! भटजी हसतायत बघा, त्यांना अनुभव आहे! अहो, हे दान नव्हे, ही घरची झाडलोट! उरलेलं द्यायला कोणाचाही हात लांब होतो. पण राखून ठेवलेलं? ज्याच्याकडे नुसतं बघितलं की जीव स्वस्थ होतो, ते कोणी मागितलं तर? द्यायचं? आणि दिलं, तर मग आपलं काय?

आता झालात की नाही गप्प!

ह्याचं उत्तर मी देणार नाही. एका म्हातारीने देऊन ठेवलंय. तेवढं तुम्हाला सांगतो.

सावरखोल नावाचं गाव. खाडीच्या काठाला खालची वाडी, चढण चढून आलं की वरची वाडी. वर देऊळ, आणि देवळाला लागून मथूकाकीचं घर. मूल नाही, बाळ नाही, नवरा अर्जुना केव्हाच गेलेला. मातीच्या भिंती, कौलाचं छप्पर, आणि त्या छपरावर वाकून उभा असलेला एक आंबा. केवढा? दोघांच्या कवेत मावायचा नाही एवढा! पण वठलेला. त्याला पान नाही, मोहर नाही. आणि झुकलाय कुठे? नेमका काकीच्या घरावर!

येणारा-जाणारा सांगायचा, "काकी, ह्यो एक दिवस तुज्या डोक्यावर बसंल. तोडून टाक, सरपन तरी होईल."

काकी म्हणायची, "मेल्या, तोडायचाच हाय. पन मी मेल्यावर!"

लोक हसायचे. तुम्हीही हसलात. पण त्याच्यामागे काय होतं, ते ऐका.

तिकडे रीत अशी, की माणूस गेलं की चितेला आंब्याचं लाकूड. अर्जुना गेला तो भर आषाढात. तेव्हा हा आंबा हिरवागार होता, तो पेटणार कसा? घरात दुसरं कोणी नाही. मग ती बाई, कपाळाचं कुंकू पुसलेलं तसंच, डोक्यावर पोतं घेऊन सुकी लाकडं मागायला दारोदार फिरली. काय बोलावं! खालच्या वाडीत भागोजीच्या दारात गेली. हा भागोजी होडीवाला, अर्जुनाच्या जोडीने होडी वल्हवणारा. तो दारातच उभा राहिला. "काकी, सुकी नायत गो माज्याकडं!" आणि त्याच्या खांद्यावरून काकीला दिसतंय काय? पडवीत ऐनाची सुकी खणखणीत लाकडं, आढ्यापर्यंत रचलेली!

काकी तशीच मागे फिरली. कोणी ओलं दिलं, कोणी किडकं दिलं. त्यावर अर्जुनाला ठेवला. जाळ धरेना. नुसता धूर! दिवसभर धूर! आपल्या माणसाला असा घुसमटून जाताना बघितलं तिने, आणि त्याच जागी ठरवलं — माझ्या वेळी माझ्या लाकडांसाठी कोणीही कोणाच्या दारात जाणार नाही!

पुढे आंबा वठायला लागला. आणि काकी खूश! अहो, दारचा आंबा वठला म्हणून आनंदलेली बाई तुम्ही कधी बघितली आहे का? रोज अंगण झाडताना त्याच्या खोडावर हात ठेवायची. "वाळ बाबा, नीट वाळ. आपल्याला बरोबर जायचंय." लोक म्हणायचे, म्हातारीला चळ लागला. चळ नव्हता हो. तिची आयुष्यातली एवढी एकच काळजी होती, आणि ती त्या झाडावर टाकून ती निवांत झाली होती.

आता बघा पुढे! श्रावणात पाऊस लागला. लागला तो सुटेना. वरून नदी, समोरून भरती — खाडी चढली ती खालच्या वाडीत शिरली! ओटा बुडाला, चूल बुडाली, पडवी बुडाली. आणि पडवीतली लाकडं? गेली तरंगत! माणसं पोरांना खांद्यावर घेऊन, होड्यांचे दोर कमरेला बांधून चढण चढली आणि देवळात येऊन बसली. सगळी वाडी देवळात!

वरच्या वाडीने तांदूळ दिले. घोंगड्या दिल्या. सरपणाची पहिल्या दिवशी घरटी मोळी दिली. दुसऱ्या दिवशी मोळी बारीक झाली. तिसऱ्या दिवशी देवळाचा गुरव मागायला दारात गेला, तर — "नारबा, आता आमच्या चुलीपुरतीच ऱ्हायलीत रे. पावसाळा अजून केवढा पडलाय!" ही माणसं वाईट होती का? छे! तुमच्या-माझ्यासारखी होती!

तसा नारबा गुरव मथूकाकीच्या ओट्यावर आला. पंच्याने तोंड पुसलं. आंब्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं, परत आंब्याकडे बघितलं.

"बोलू नको," काकी म्हणाली. "माज्या चुलीतली लाकडं हायत, ती ने. मी थंड पेज खाईन. पन आंब्याचं नाव काढायचं नाय."

"काकी, देवळात पोरं हायत गो."

"अर्जुना जळत नव्हता, तवा हे सगळे कुठं व्हते?"

नारबा खाली मान घालून उठला. आणि मंडळी, काकीचं चुकलं का? सांगा! मला तरी तिचं काही चुकलेलं दिसत नाही. तिने कोणाचं घेतलं नव्हतं, कोणाचं बुडवलं नव्हतं. तिचं एक झाड, तिचं एक मरण!

पण बोलल्याप्रमाणे चुलीतली लाकडं द्यायची होती. ती पदराखाली धरून काकी नारबाच्या मागून देवळात गेली. बघते तो काय — सभामंडपाच्या कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा, आडोशामागे बाळंतीण! त्याच सकाळी सुटलेली. सुईण ओरडतेय, "अरे, पानी तापवा! शेकायला निखारा द्या! पोरीचे पाय गार पडलेत!" आणि तीन दगडांच्या चुलीपुढे एक माणूस पालथा पडून ओलं लाकूड फुंकतोय. फू... फू... जाळ नाही. नुसता धूर!

त्या धुरात त्या माणसाने तोंड वर केलं. कोण होता? भागोजी! बाळंतीण त्याची सून, शेवंती.

भागोजीने काकीला बघितलं आणि मान खाली घातली. त्याने मागितलं नाही. मागायला तोंड कुठे होतं?

पेटीवाले, जरा थांबा. इथे सूर नको.

काकी उभी. डोळ्यांत धूर, हातात चार लाकडं; ती किती पुरणार? काय काय आलं असेल तिच्या मनात? आता बोल म्हणावं! आता दाखव तुझी पडवी! बोलली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. मी तरी ठेवली नसती. तेवढ्यात आडोशामागून ते बाळ रडलं. रडलं कसलं, नुसतं कण्हलं.

आणि काकीने तोंड उघडलं —

"भागोजी, कुऱ्हाड हाय, का तीबी बुडाली?"

अहाहा! बोला मंडळी, देवाचं नाव घ्या इथे! हे असे शब्द शिकून येत नाहीत!

भागोजी उठला. "काकी... तो आंबा तुजा..."

"माजा हाय म्हनून तर देते! दुसऱ्याचा कसा देऊ?"

"पन तुज्या येळला काय करशील?"

"माजी येळ येईल तवा बगू. ह्या पोरीची आत्ता आलीय!"

निघाली वरात आंब्याकडे! झाडावर कुऱ्हाड चालवायच्या आधी झाडाला सांगायचं असतं, त्याची परवानगी घ्यायची असते. गुरव गाऱ्हाणं घालायला पुढे झाला, तर काकीने त्याच्या हातातला नारळ घेतला. "माजं झाड, मीच बोलते." भर पावसात बुंध्याशी तांदूळ वाहिले, नारळ ठेवला. म्हणाली, "बाबा रे, तुला माज्यासाठी राखला. तुज्याकडं बगून बिनघोर निजले. आता तू म्होरं जा, मी मागनं येते कशीतरी. तुज्यावर कोन पाखरू, किडामुंगी राहत असंल, त्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं. राग धरू नको."

मग भागोजीकडे वळली. "मार घाव."

"माज्या हातानं नको गो काकी!"

"तुज्याच हातानं!"

पण मंडळी, झाड झुकलंय कुठे? घरावर! नुसतं तोडलं तर काकीच्या छपराचा भुगा! ह्याला उलट्या अंगाला पाडायचा कसा? तिथे खालची वाडी कामाला आली. होड्या ओढणारी माणसं! एक जण सरसर वर चढला, शेंड्याशी होडीचे जाड दोर बांधले, आणि दोरांची टोकं उतारावर धरून सगळे उभे राहिले. इकडे भागोजीचे घाव. खण्! खण्! वरची साल भिजलेली, पण आतून उडाली ती सुकी, पिवळीजर्द ढलपी!

"ओढा रे — हैस्सा!" तुम्हीही म्हणा की! हैस्सा! अहो, झाड पाडायचंय, चहा नाही मागायचा! हैस्सा!

झाड कुरकुरलं, पण हललं नाही. चिखलात पाय घसरायला लागले. एक दोर सुटला, आणि आंबा कर्र करून घराच्याच बाजूला वाकला! बायका किंचाळल्या. भागोजी ओरडला, "काकी, थांबवू काय? घर जाईल!"

"गेलं तर गेलं! लाकूड तर मिळंल! ओढा!" आणि ती म्हातारी, पदर खोचून, स्वतः दोराला लागली!

मग काय! "आमच्या चुलीपुरतीच ऱ्हायलीत" म्हणणारे सगळे वरच्या वाडीतून धावले. सुटलेला दोर त्यांनी धरला. बाया आल्या, पोरी आल्या, नारबा पंचा कमरेला बांधून आला. वरची वाडी, खालची वाडी एका दोराला! हैस्सा! झाड सरळ झालं. हैस्सा! उताराकडे कललं. हैस्सा! — आणि धडाड! जमीन हादरली, देवळातली घंटा आपोआप वाजली म्हणतात. मी ती ऐकलेली नाही, पण मला खरं वाटतं!

घर? घर जसंच्या तसं! जाता जाता एका फांदीने न्हाणीघराची कुडाची भिंत तेवढी नेली. काकी म्हणाली, "बरं झालं, तशीबी गळत व्हती."

जाळ झाला! असा झाला की देवळातल्या देवाच्या तोंडावर उजेड पडला! पहिलं पाणी कोणासाठी तापलं? त्या तान्ह्या पोरीसाठी. पहिला निखारा बाळंतिणीच्या शेगडीत. मंडळी, मरणासाठी राखलेलं लाकूड पेटलं, ते जन्माला आलेल्या लेकरासाठी पेटलं! ह्याहून मोठा यज्ञ कुठे बघायला जाणार? पोरगी न्हाली, ऊब लागली, आणि काय रडली हो! सगळं देऊळ हसलं. भागोजीला रडू आवरेना. काकी त्याला म्हणाली, "पुरे मेल्या. पेज ढवळ, खाली लागंल."

झालं? नाही झालं! म्हातारीने राखलेलं दिलं, आता तिचं काय? प्रश्न तर तोच होता आपला.

पाणी ओसरलं. दुसऱ्या उन्हाळ्यात भागोजी डोक्यावर ऐनाचा भारा घेऊन चढण चढला आणि काकीच्या पडवीत रचून गेला. त्याचं बघून दुसरा आला, तिसरा आला. दर उन्हाळ्यात गाव काकीची लाकडं भरून ठेवायचं. आणि काकी काय करायची? वाटून टाकायची! कोणाच्या पोरीच्या लग्नाची चूल, कोणाची बाळंतीण, कोणाच्या घरात आजारी माणूस — "ने रे, पडवीतली ने!" नारबा चिडायचा. "काकी, ती तुज्यासाठी हायत!" ती म्हणायची, "मग देऊ नको तर काय करू?" राखायचं कसं, हेच ती विसरून गेली होती.

आणि मग काकी गेली. केव्हा? भर आषाढात! पाऊस कोसळतोय, आणि नारबा पडवीत बघतो तर पडवी रिकामी. एक काडी नाही! म्हातारा कपाळाला हात लावून बसला. आता हिच्यासाठी दारोदार जायचं? ज्याचा तिला धसका होता तेच? शेवटी उठला, इरलं डोक्यावर घेतलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं —

समोर चढणीवरून माणसं येत होती. इरल्याखाली, घोंगडीखाली, पोटाशी धरून सुकी लाकडं आणत होती. वरच्या वाडीची, खालच्या वाडीची. म्हातारा भागोजी काठी टेकत, दुसऱ्या खाकेत एक ओंडका घेऊन. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं! अंगण भरलं, पडवी भरली, देवळाची पायरी भरली. आणि चिता अशी पेटली भर पावसात, की जाळ माडाच्या उंचीला! धुराचं नाव नाही! मथूकाकीच्या लाकडांसाठी कोणी कोणाच्या दारात गेलं नाही, मंडळी! तिचा शब्द देवाने राखला, आणि तिने राखलेलं देऊन टाकल्यावर राखला!

आता तुमच्याकडे येतो. माना का खाली घालताय? प्रत्येकाच्या दारात एकेक वठलेला आंबा आहे. कोणी धान्य राखलंय, कोणी जमिनीचा तुकडा, कोणी भावाशी बोलायचे दोन शब्द राखून ठेवलेत, मरताना बोलीन म्हणून! कशाला? ज्याला ऊब हवी तो आत्ता कुडकुडतोय ना!

आणखी एक. मघाशी इथल्या पुजाऱ्यांनी माझ्या कानात सांगितलं, "बुवा, प्रसादाचा हंडा चुलीवर चढवलाय, पण सरपण कमी पडतंय. कीर्तनात लोकांकडे मागा तेवढं." मी म्हटलं, नाही मागणार! काकीचं आख्यान लावून मी लाकडं मागू? लाज वाटेल मला. मी मागत नाही. आत्ता टाळ वाजतील, गजर होईल, आणि मी डोळे मिटून घेईन.

डोळे उघडीन तेव्हा इथे कोण बसलेलं दिसतं, आणि कोण घराकडे पळालेलं असतं, ते बघतो!