पोराचा गुरू

अंजनाबाई : म्हणजे मी पुलगावहून भाच्याच्या साखरपुड्याले आली, अन् माह्या सख्ख्या भावानं मले नुसता हात दाखवला. थांब म्हणे. मोठी बहीण हाये मी त्याची, पाया पडणं तर राहिलंच.

सुजाता : गाणं चालू होतं ना ताई. संपलं की येतील. मधून उठत नाहीत ते. परवा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा होता, त्यालाही असाच हात दाखवला.

अंजनाबाई : कोणतं गाणं म्हणायचं ते? मले तर एक म्हातारा दिसला टीव्हीत. घामानं ओलाचिंब, खुर्चीवर बसून गिटार वाजवून राहिला. अन् वासू त्याच्यापुढं असा बसला, जसा कीर्तनाले.

सुजाता : अमेरिकेतला आहे. होता म्हणायला पाहिजे, वारला बिचारा. ब्लूज म्हणतात त्या गाण्याला. विजेवरची गिटार, दुःखाचं गाणं, आणि म्हणणारा मात्र हसतमुख. त्याच्या जुन्या कार्यक्रमांची शूटिंगं यूट्यूबवर आहेत, हे रोज तीच लावतात. त्याचं नाव मी घेत नाही. माझ्या तोंडून चुकीचं निघतं आणि मग हे दुरुस्त करत बसतात.

अंजनाबाई : वासू? तुमच्या लग्नात बँडवाल्याले ‘आटपा लवकर’ म्हणणारा?

सुजाता : तेच.

अंजनाबाई : मंग हे खूळ आलं कुठून?

सुजाता : ऋषीकडून. तुम्हाला सगळं सांगितलंच नव्हतं आम्ही. ऋषी इथं रायपुरातच उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये इंजिनियर होता, तेवढं तुम्हाला माहीत. ती नोकरी सोडून तो तेलीबांध्याला एका कॅफेत गिटार वाजवायला लागला, हे नात्यात कोणाला कळू दिलं नाही. कोणी विचारलं तर कंपनी बदलली म्हणायचो.

अंजनाबाई : मले तं ट्रेनिंगले गेला म्हणून सांगितलं.

सुजाता : तेही म्हणायचो. ह्यांनी त्याला ठणकावून सांगितलं होतं, ह्या घरात एक तर ती गिटार राहील, नाही तर मी राहीन. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, पापा, आप ही रहिए. आणि गिटार घेऊन निघून गेला. ब्राह्मणपाऱ्यात खोली केली. बापलेकाचं बोलणं बंद. मी आपली डबा घेऊन जायचे.

अंजनाबाई : दोघंही सारखेच. आमच्या बाबांवर गेले.

सुजाता : मग एक दिवस ह्यांनी मला विचारलं, हा वाजवतो तरी कोणासारखं? मी ऋषीकडून नाव लिहून आणलं. ह्यांचा विचार असा, की पोराला बिघडवणारा माणूस एकदा नीट बघून घ्यावा, म्हणजे पुढच्या भांडणात मुद्दे हाताशी असतील. रेल्वेत चौकश्या केल्या ना आयुष्यभर. समोरच्याची फाईल वाचल्याशिवाय ह्यांना रागावताही येत नाही.

अंजनाबाई : मंग सापडले मुद्दे?

सुजाता : पहिल्या दिवशी भरपूर. ह्या वयात रात्रीबेरात्री गात फिरतो, घरी नातवंडं नाहीत का. गाण्यापेक्षा गप्पाच जास्त मारतो. एक सूर ओढताना तोंड असं करतो, जशी दाढ दुखून राहिली. झालं, मला वाटलं प्रकरण मिटलं. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. मी विचारलं, आता काहून? तर म्हणाले, आरोपीला बाजू मांडायची संधी द्यावी लागते.

अंजनाबाई : अन् त्यानं मांडली.

सुजाता : अशी मांडली की आरोपी सुटला आणि साहेब अडकले. ह्यांना शोध लागला, की तेच गाणं त्यानं तरुणपणीही म्हटलंय आणि म्हातारपणीही. दोन्ही वेळचं शूटिंग आहे. मला बळेच बसवून दाखवलं. तरुण असताना नुसता वाजवत सुटायचा. म्हातारपणी वाजवणं कमी, थांबणंच जास्त. मला म्हणाले, बघ, स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला गाडी उभी ठेवावी तसा सूर उभा ठेवलाय, आणि एक पॅसेंजर तक्रार करत नाही. त्या दिवसापासून त्याच्या घामाचा विषय बंद. सकाळच्या फिरण्यात सोबतचे शालिग्रामजी त्यांच्या भजनीमंडळाचं कौतुक करत होते, तर ह्यांनी त्यांना ऐकवलं, तुमचा पेटीवाला मध्ये श्वासच घेत नाही. आता हे एकटेच फिरायला जातात.

अंजनाबाई : अन् पोट्ट्याले कळवलं का हे?

सुजाता : छे. मला ताकीद होती, ऋषीच्या कानावर जायला नको. बाप नरमला असं दिसलं तर मग काय राहिलं. पण एका शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून निघाले. पेन्शनचं काम आहे म्हणाले. शनिवारी संध्याकाळी कुठलं पेन्शन ऑफिस उघडं असतं, मी काही विचारलं नाही. परत आले ते चेहरा पाडूनच. जेवलेही नाहीत. मग हळूहळू बोलले. त्या कॅफेत गेले होते. खांबाआड बसायचं, पोराला दिसायचं नाही, एक गाणं ऐकायचं आणि निघून यायचं, असा बेत. तिथं बघतात तर दुसराच मुलगा सिनेमाची गाणी म्हणून राहिला. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, अंकल, वो भैया तो कब का छोड़ गए.

अंजनाबाई : सोडलं? मंग हा करत काय होता?

सुजाता : नवा रायपूरला एका कंपनीत सोलर पॅनल विकत होता. मलाही बोलला नव्हता. खोलीत गिटार दिसायची कोपऱ्यात, मला वाटायचं सगळं चालू आहे. आणि त्याच आठवड्यात तो स्वतःहून घरी आला. बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, पापा, आप सही थे. ताई, हे वाक्य ऐकायची ह्यांनी जन्मभर वाट पाहिली. ऑफिसात कोणी म्हटलं नाही, मीही कधी म्हटलं नाही. आणि ऐकलं तेव्हा हे असे बसले, जसं कोणी गेल्याची बातमी आली.

अंजनाबाई : तेव्हाच म्हणायचं होतं, वाजव बाबा म्हणून.

सुजाता : कसं म्हणतील? जिंकलेला माणूस आहे. माघार हरलेल्याला घेता येते. मग स्थळ आलं, मुलगी चांगली मिळाली. देवयानी इथल्याच मंत्रालयात नोकरीला आहे. तिच्या वडिलांनी विचारलं, मुलाला काही छंद? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही, कसलाच नाही. बोलून झालं आणि चहा तसाच ठेवून उठले.

अंजनाबाई : अन् ऋषी काय म्हणते आता? बसते का बापाजवळ?

सुजाता : बसतो कसला. ऑफिसातून आला की म्हणतो, पापा, दिनभर यही देखते हो, कुछ काम का किया करो. ह्यांचंच वाक्य, आवाजही ह्यांचाच. हे निमूट आवाज कमी करतात.

अंजनाबाई : थांब. गाडी लावून राहिला वाटते खाली. आला.

(स्वयंपाकघरातून बैठकीचं दार उघडं दिसतं. दोघी आतच थांबतात.)

ऋषिकेश : पापा, आत्या आई हैं और आप टीवी लेकर बैठे हो.

वासुदेव : भेटतो तिले. तू एक सांग आधी. हा आता जे म्हणते, त्याचा अर्थ काय? सारं समजते मले, ही एकच ओळ सुटून राहिली. त्याचे उच्चार असे आहेत.

ऋषिकेश : कौन सी?

वासुदेव : थांब, मागं घेतो. ही. ऐक.

ऋषिकेश : कह रहा है, जाना ही था तो बता देते. मैं स्टेशन तक छोड़ने आता.

वासुदेव : एवढंच?

ऋषिकेश : इतना ही. फिर यही दोबारा.

अंजनाबाई : सुजाता, वासू तर तीच ओळ पुन्हा लावून राहिला.

सुजाता : थांबा ताई.

वासुदेव : गाण्यात म्हणायले सोपं असते.

ऋषिकेश : नहीं है, पापा. आपके कहने से थोड़े ही छोड़ा मैंने. गिटार पर सुर तो लग जाता था. पर ये जो बात है न, ये मुझसे कभी कही नहीं गई, इसीलिए छोड़ा.

वासुदेव : मलेही नाही म्हणता आली. बस इथं.