गच्चीवरच्या खोलीत ‘वेडी’ असल्याच्या तक्रारीबाबत

नाव कनकलता, पती कै. सीतारामराव. वय ५१. धंदा घरकाम, वरची खोली भाड्याने देते. राहणार तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. दिनांक ११ ऑगस्ट १९९६, रविवार.

ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला तमिळ चांगलं येतं, पण हा जबाब मी मराठीत देते, कारण घोळ मराठीचाच आहे. लिहून घेणारे हेड कॉन्स्टेबल वेंकटराव आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचे मराठी आहेत. दुपारी त्यांचाही माझ्यासारखाच समज झाला होता, हेसुद्धा लिहा.

माझ्या घरी मी आणि मुलगी अखिला, वय वीस, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, अशा दोघीच राहतो. गच्चीवरची खोली जूनपासून वैद्यनाथ डोईफोडे या इंजिनिअरिंगच्या मुलाला दिली आहे. गाव महाराष्ट्रात परळी. आडनाव ऐकूनच मी चपापले होते. पण मराठी मुलगा, मांसमच्छी नाही, सिगारेट नाही, म्हणून ठेवला. त्याचं मराठी आमच्यासारखं नाही, अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. अखिलाला सगळं समजतं. कसं समजतं ते मी विचारलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात तो तिरुवैयारुच्या बसमधून उतरला तो सिमेंटच्या पिशवीत नदीची वाळू घेऊन. वाळू कशाला रे, विचारलं, तर म्हणे, “भट्टी करतोय मावशी.” भट्टी! शिकायला आलेल्या मुलाला भट्टी कशाला हवी? आज सकाळी त्याच्या टेबलावर कागदात गुंडाळलेल्या बोटाएवढ्या नळ्या दिसल्या, आतून पोकळ. मी केर काढायला गेले होते, झडती घ्यायला नव्हे.

दुपारी अखिला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून गेली. मी ओट्यावर पडले होते. वरून रॉकेलचा वास आला म्हणून जिना चढले. दार लोटलेलं होतं. तो म्हणत होता, “वेडी, हळू! खाली वाळू तापलीय, हात जाईल.” मग म्हणाला, “नळ्या नीट भर, वेडी. मावशीला कळलं तर संपलं सगळं.” आत आणखी कुणीतरी तोंडावर हात ठेवून हसलं.

आमच्या घरात डोकं फिरलेल्याला पिसं म्हणतात. वेडी म्हणजे फटाका, दारू, स्फोट होतो ते. शब्द तमिळ, पण आमच्या तोंडी लहानपणापासून तोच. आणि परका भाडेकरू ठेवाल तर डोळे उघडे ठेवा, असं तुम्हीच गल्लीत येऊन सांगितलं होतं. मी मागच्या मागे उतरले आणि ठाणं गाठलं.

पोलीस गेले तेव्हा खोलीत तो एकटाच होता. पातेल्यासकट त्याला इथं आणलं. झाकण काढलं तर खाली वाळू, वाळूवर डबा, डब्यात त्या नळ्या, दूध-मैद्याची खळ, कांदा, टोमॅटो आणि वर चीज वितळून तांबूस झालेलं. इन्स्पेक्टरांनी काठीनं टोचून पाहिलं. तो म्हणाला, “मॅकरोनी आहे साहेब. ओव्हन कुठला परवडतोय, म्हणून वाळूत भाजली. मेसपेक्षा स्वस्तात पोट भरतं.” वास बरा होता. खाल्लं कुणी नाही.

मग वेडी कुठे आहे, असं विचारलं. “वाळू मी आणली, नळ्या मी आणल्या, काय करायचं ते मला करा,” एवढंच म्हणत राहिला. वेंकटरावांनी दरडावलं तरी सांगेना. म्हणून त्याला कोठडीत बसवलं. मी म्हटलं, बघा, मी उगीच नव्हते आले.

थोड्या वेळानं अखिला आली. ओढणीला मैदा लागला होता. माझ्याकडे न बघता तिनं इन्स्पेक्टरांना सांगितलं, “त्यांना सोडा. वेडी म्हणजे मी. त्यांच्याकडे लाडानं म्हणतात.” सकाळपर्यंत ती ‘वरचा मुलगा’ म्हणत होती. आता ‘त्यांना’. वेंकटरावांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिहा की! लाडानं म्हणजे काय गं, मी विचारलं. ती म्हणाली, “अम्मा, तुला कळतंय.” मला संताप आला, आणि भीती वाटली. स्फोटाच्या नावानंसुद्धा इतकी वाटली नव्हती.

जिन्यात ऐकलेलं हसू कुणाचं ते तेव्हाच ओळखलं होतं का, असं मला दोनदा विचारण्यात आलं. स्टोव्हच्या आवाजात ओळखू येत नाही. माझं उत्तर तेच आहे.

स्फोटकाची तक्रार मी मागे घेते. दुसरी तक्रार आहे का, विचारलं. आहे. ती कुठल्या कलमात बसते ते तुम्ही सांगा. इन्स्पेक्टर म्हणाले, “मुलगी सज्ञान आहे, अम्मा.” अखिला बाहेर बाकावर बसली आहे. घरी चल म्हटलं, तर तो सुटल्याशिवाय उठत नाही म्हणते. तो सुटला तर ती कुणाबरोबर जाईल ते मला ठाऊक नाही.

वेंकटरावांनी हे सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे, सही करते. त्याला सोडा. फक्त मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसेपर्यंत कोठडीचं दार उघडू नये, एवढं शेवटी लिहून घ्या.