राहीचा अभंग आणि रिकामी जागा

मंडळी, एक सांगा. कवितेतला अलंकार ओळखला की कविता आपली होते का? माना हलवू नका, आधी ऐका!

कुंभेरी गावात राही नावाची तांबटीण होती. नवरा गेलेला, घरात एक वेळचंच अन्न. स्वतः हातोडी धरायची, भांडी घडवायची आणि ठोक्याबरोबर गुणगुणायची –

ठोक्यावर ठोका । देह झाला घडा ।
सांधला मी तडा । नामे तुझ्या ॥

देवळाच्या नव्या मंडपात हा अभंग कोरायचं ठरलं. खाली नाव कुणाचं? तर त्र्यंबकबुवा पुढे आले! मोठे विद्वान, खांद्यावर शाल. म्हणाले, "रचना माझी!"

राही म्हणाली, "बुवा, देवाच्या दारात तरी खोटं बोलू नका!"

"अक्षरओळख नाही आणि अभंग रचतेस? चोरटी कुठली!"

अख्खी तांबट आळी खाली मान घालून उभी! निवाड्याला बसले नृसिंहशास्त्री. म्हणाले, "दोघांनीही रचना उलगडून सांगा."

बुवा सुरू! "देह हाच घडा – रूपक! घडा-तडा – यमक! ठोक्यावर ठोका – अनुप्रास! सहा, सहा, सहा, चार अक्षरं!" एक चूक नाही हो! आमच्या परीक्षेत पैकीच्या पैकी!

शास्त्र्यांनी विचारलं, "शेवटी चारच का?"

"नियम आहे."

"राहीबाई, तुम्ही सांगा."

"मला ही नावं नाही येत, शास्त्रीबुवा. भांडं आणा." भांडं आलं. तिनं हातोडी उचलली. ठण् ठण् – सहा ठोके! सहा! सहा! मग चार... आणि हात थांबला. "इथं दोन ठोके मोकळे सोडायचे. तेवढ्यात भांडं फिरवायचं, श्वास घ्यायचा. न थांबता ठोकलं तर पत्रा फाटतो."



शास्त्री म्हणाले, "आता दोघांनीही याच ठेक्यावर पुढचं कडवं रचा."

बुवांनी शाल सावरली. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. खोकल्याला यमक सापडेना! आणि राही? हातोडी चालू, डोळे मिटलेले –

रिते माझे पोट । त्यात तुझा नाद ।
दुजा नाही वाद । घडा बोले ॥

शास्त्री ताडकन उठले! "पोट घड्याचंही रितं आणि उपाशी राहीचंही! अहो, हा श्लेष! ही पोथीतून शिकली नाही, पोथीनं हिच्याकडून शिकावं!"

त्र्यंबकबुवांचे डोळे भरले. "माझा हंडा सांधून घ्यायला हिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ऐकला. माफ कर, राहीबाई." आळीनं टाळ्यांचा कडकडाट केला! दगडावर नाव कोरलं – राही तांबटीण!

मंडळी, रोज संध्याकाळी तुम्हीही अभंग म्हणता. भराभरा! आमटी उतू जाईल म्हणून! चाल पाठ, यमक पाठ. पण चौथ्या चरणापाशी कधी थांबलात? थांबा! दोन अक्षरांची जागा मोकळी ठेवलीय. तिथं देवाला येऊ द्या की! आता माझ्याबरोबर म्हणा – आणि शेवटी, कृपा करून, गप्प बसा!